कार्डाला पावसाळा नसतो

मुरबे
१० एप्रिल १९९४

दिना,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. होळीला आलास, दोन दिवस राहिलास, आणि पुष्पलतेसाठी निवडून ठेवलेले सुके बोंबील ओट्यावरच टाकून गेलास. बढती मिळाली की बायकोला बोंबलाचा वास येतो की काय? तसं असेल तर स्पष्ट लिही, म्हणजे यापुढं तिच्यासाठी अगरबत्ती पाठवते.

बरं, तुझ्या कंपनीचं उधारीचं कार्ड चाललं. मला वाटलं होतं दुकानदार हसेल. पालघरला जाळ्यांच्या दुकानात तुझे भावोजी बाहेरच उभे राहिले, चप्पल काढावी की नको या विचारात. मीच पुढं झाले आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. तो म्हणाला, "मौसी, कार्ड है तो पैसे की बात ही मत करो." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला म्हणालं की पैशांचं बोलू नका. नायलॉनचे गठ्ठे, दोर, जाळं तरंगतं ठेवणारे बोये, शिसं, सगळं टेम्पोत भरून आणलं. भावोजी वाटेत तीनदा म्हणाले, "हे खरंच आपलं हाय ना?"

सोमीनं बोईसरहून टीव्ही आणला. काशीबाईनं मिक्सर आणला. आता त्या बाईच्या घरी पाटा-वरवंटा आहे, दोन सुना आहेत, आणि तोंडात दात चार. पण हौस! तू ओट्यावर बसून सांगत होतास ना, "बँकेनं ज्याला दारातून परत धाडलं, त्याच्यासाठीच हे कार्ड हाय. तुमचं नाव खराब हाय? मग तुमी आमचंच गिऱ्हाईक," तेव्हा काशीबाई काय म्हणाली आठवतं? "माजं नाव बी खराब आनि दात बी. दोन कार्डं दे." अख्खा ओटा हसला.

मी मात्र त्या रात्री जरा रडले. दुःखानं नाही. मोठ्या वादळात आपली इंजिनाची होडी फुटली, सोसायटीचं कर्ज थकलं, तेव्हापासून बँकेतला शिपाईसुद्धा आमच्याशी उभ्यानं बोलतो. भावोजी या जुन्या होडीवर दुसऱ्यांची टाकलेली जाळी जोडून जोडून धंदा करतात. तुझ्यामुळं नवं जाळं बघितलं. व्याज जास्त आहे ते कळतं मला, महिन्याला शेकडा चार म्हणजे काही खाऊ नाही. आणि कार्ड हातात यायच्या आधीच त्यातून फी कापून घेतली, हे मला मुळीच आवडलेलं नाही. पण पापलेटचा एक हंगाम नव्या जाळ्यावर निघाला की फिटेल. जामीन तूच आहेस, तर मला कसली भीती.

आमच्या गावात एवढी कार्डं खपवलीस म्हणून तुला वापीला मोठी जागा मिळाली, असं तो वसुलीवाला नरहरी सांगत होता. मग आम्हालाही बढतीतला पेढा पाठव.

आता आशीर्वाद.

तुझी बाय,
जमना


मुरबे
२६ एप्रिल १९९४

दिना,

पेढाही नाही, पत्रही नाही. मिठाची गुळणी धरून बसलास का?

हप्ता दर शनिवारी जातो. नरहरी सायकलवरून येतो, केळव्याचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला मऊ. हप्ता मागताना त्यालाच लाज वाटते. आधी वाडीतल्या सुपारीचं सांगतो, मग माझ्या गुडघ्याचं विचारतो, आणि उठता उठता म्हणतो, "तेवढं ते..." मीच देते हातात.

या महिन्यात मासळी कमी आहे, पण ते काही नवं नाही. माझं गळ्यातलं पॉलिशला दिलंय. पुष्पलता विचारेल म्हणून सांगितलं, मागच्या आठवड्यात सोमीच्या पुतण्यानं फोटो काढला, त्यात दिसणार नाही.

तुझी बाय


मुरबे
९ जून १९९४

दिना,

होड्या वर ओढल्या. आमची काल ओढली, माडाच्या झापांनी शाकारली, भावोजींनी नाकाला हळदकुंकू लावलं आणि घरात येऊन असे झोपले की आज दुपारी उठले. आता नारळी पुनवेपर्यंत दर्या त्याच्या घरी, आम्ही आमच्या घरी. जुनी जोडलेली जाळी पार कुजली, ती फेकून माळ्यावरून नवे गठ्ठे खाली काढलेत. जाळं भरायला बसलोय. भावोजी दोर ओवतात, मी बोये बांधते, बोलाचाली नाही, कारण मी बांधलेली गाठ त्यांना पसंत नसते आणि त्यांचा चेहरा मला.

एक गंमत सांगते. शनिवारी नरहरी आला. मी हप्ता दिला, चहा दिला आणि म्हटलं, "आता नारळ घेऊनच ये पुनवेला." तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. मी कशाला थट्टा करू? त्याला म्हटलं, "होडी शाकारली म्हणजे हिशेब शाकारला. तुमच्या केळव्याला वाडी बारा महिने उभी असते, तुला नाय कळायचं." तो मान हलवून गेला.

या पावसात गावात कोणी कोणाकडं पैसे मागतो का, तूच सांग. सातपाटीचा दलाल काही देवमाणूस नाही, हंगामात आमचं पापलेट तो म्हणेल त्या दरानं उचलतो. पण पाऊस लागला की तोसुद्धा वही मिटतो. दुकानदार तांदूळ उधार देतो, त्यावर या दोन-अडीच महिन्यांचं व्याज धरत नाही. पुनवेला नारळ वाहिला, होडी पाण्यात गेली, की पहिल्या मासळीवर वही उघडते. आपल्या आजाच्या काळापासून असंच आहे. कुठं लिहिलेलं नाही. लिहायचं कशाला, पाऊस काय लिहून पडतो?

बाया विचारायला आल्या होत्या. सोमी म्हणाली, "जमना, तुजा भाऊस हाय कंपनीत, एकदा विचार ना. हप्ता थांबवला तर चालंल ना?" मी म्हटलं, "इचारायचं काय त्यात? दिना काय घाटावरून आला? कोळ्याच्या पोटचा हाय. त्याला ठावं हाय होडी कदी वर येते ती." सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी थांबवले हप्ते.

तरी तू दोन ओळी लिहून टाक. काशीबाईला रात्री झोप लागत नाही, म्हणते मिक्सर बोलतो.

तुझी बाय


मुरबे
१७ जुलै १९९४

दिना,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टाचं म्हणते. तीन महिन्यांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्यात ओळी किती, तर चार. "बाय, हप्ता थांबवू नको. कार्डाला पावसाळा नसतो. तीन हप्ते चुकले की दंड लागतो आणि सगळी रक्कम एकदम मागतात. बायांना सांग." हे मला जुलैत सांगतोस? होळीला ओट्यावर बसून, माझ्या हातच्या पुरणपोळ्या हाणत असताना काय तोंडात बोळा होता? तेव्हा तू म्हणालास, "बाय, तू निस्ती सही कर, बाकी मी हाय."

रागावू नको. राग मलाच आलाय, तुझ्या वाट्यालाही उरणार नाही एवढा.

नरहरीनं सांगितलं की आमचे हप्ते चुकले म्हणून जामीनदाराचा दंड तुझ्या पगारातून कापतात. सगळ्या गावाचा. तू पत्रात हे लिहिलं नाहीस. पुष्पलता केळव्याला माहेरी आलीय हेही तू लिहिलं नाहीस, तेही मला नरहरीकडूनच कळलं. बाळंतपणाला आली असेल तर मला आनंद आहे, पण तिच्या आईनं शेजारणीला वेगळंच सांगितलंय, कापलेल्या पगाराचं.

म्हणून मी आणि सोमी मंगळवारी बोईसरला ऑफिसात गेलो. पहिल्या एस.टी.नं गेलो, साहेब अकराला आला. थंडगार खोली, काचेचं दार, आमच्या लुगड्यांतून पाणी टपकत होतं आणि एक पोरगी फडकं घेऊन आमच्या मागं मागं पुसत होती. मी साहेबाला सगळं नीट सांगितलं. होडी, झाप, पुनव, दलाल, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. चहासुद्धा मागवला. मग म्हणाला, "बाई, बँकेनं तुम्हाला का नाकारलं होतं? रेकॉर्ड खराब म्हणून. तरी आम्ही दिलं. धोका आम्ही घेतला, म्हणून व्याज जास्त. आता तुम्हीच तो धोका खरा करून दाखवताय."

मी म्हटलं, "सायेब, आमी नाय फुटलो, होडी फुटली ती. आनि पैसे बुडवत नाय, पुनवेला देतो म्हनतो."

तो म्हणाला, "हे तुम्ही सही करण्याआधी सांगायला हवं होतं."

आता सांग, सही करताना कोण सांगतं की बाबा, पावसात दर्यावर जात नाहीत? सूर्य उगवतो तेही सांगायचं का?

मग त्यानं एक उपाय सांगितला. नवं कार्ड घ्या. नव्या कार्डावरून जुन्याचं देणं भरा. नव्याची फी वेगळी, व्याज थोडं वरचं, पण दंड थांबेल. सोमीनं तिथंच अंगठा दिला. मी तिचा पदर ओढत होते, ती म्हणाली, "जमना, तुजं ऐकून तर हितं आलूं." मी पदर सोडला. काट्यानं काटा काढतात म्हणे, आता तिच्या पायात दोन आहेत.

माझ्या हातात इंग्रजी कागद दिला. तो मी घरी आल्यावर वाचून घेतला मास्तरांकडून. वीस ऑगस्टपर्यंत सगळी रक्कम भरली नाही, तर कार्डावर घेतलेला माल कंपनी उचलून नेणार. माल म्हणजे जाळं.

 बाकीच्या बायांनी दारातच गाठलं. काशीबाई म्हणाली, "तू सांगितलं म्हनून थांबवला हप्ता. आता तूच सांग काय करायचं." मी कागद पदराखाली धरून घरात शिरले. माझ्यासारखी तोंडाळ बाई, दिना. 

पॉलिशला दिलेलं गळ्यातलं परत येणार नाही, हे तुला कळलंच असेल. त्यातून ऑफिसात दोन हप्ते भरले, ते दंडात गेले. मूळ रक्कम होती तिथंच.

बाय


मुरबे
१० ऑगस्ट १९९४

दिना,

घाईत लिहिते. जाळं तयार झालं. काल शेवटचा बोया बांधला. अंगणात पसरून बघितलं तर अंगण पुरेना, शेजारच्या दोन अंगणांत गेलं. भावोजी त्याच्या कडेकडेनं चालत होते, एकेक गाठ ओढून बघत. मी बांधलेल्यासुद्धा. काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडल्या.

आता नीट वाच. वीस तारखेला मुदत संपते आणि एकवीसला पुनव आहे. मध्ये एक रात्र. साहेबाला एवढंच सांग की मला पंधरा दिवस दे. पापलेट आत्ताच लागतं, पुनवेनंतरचे हे पहिले दिवस म्हणजेच आमचं वर्ष. पहिली सगळी मासळी कंपनीची. दलालाला मी सांगते, तो ऑफिसात पैसे नेऊन देईल, आमच्या हाताला लागणारसुद्धा नाहीत. पण जाळं नेलं तर आम्ही मासे काय ओंजळीनं धरायचे? आणि मासेच नाहीत तर तुमचे पैसे कुठून येणार? हे मला सातवी शिकलेलीला कळतं, तर काचेच्या दाराआड बसलेल्यांना का कळू नये?

आणि दुकानातून आणले ते सुटे गठ्ठे होते. जाळं आम्ही केलं. न्यायचेच तर गठ्ठे न्या म्हणावं.

तू साहेबांच्या पाया पड असं मी म्हणत नाही. पण पडलास तर मला वाईट वाटणार नाही. मी तुझ्यासाठी पालघरच्या कॉलेजात प्राचार्यांच्या पडले होते, फी भरायला महिना मागायला. त्यांनी दिला होता.

उत्तर लगेच धाड. तार केलीस तरी चालेल.

बाय


मुरबे
२४ ऑगस्ट १९९४

दिना,

तू येणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. शनिवारी नरहरी आला, हप्ता मागायला नाही. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "जमनाबाय, उद्या टेम्पो येनार. मला जा म्हनाले, मी नाय म्हटलं. मग दिनानाथला बोलावला वापीहून. जामीन हाय, घरं ठावी हायत त्याला." त्या माणसाची नोकरी राहिली असं मला वाटत नाही.

मी भावोजींना रात्रीच सांगितलं. सोमीचा दीर म्हणाला, जाळं माझ्या घरात लपवा. भावोजी नको म्हणाले. दिनावर बालंट येईल, म्हणाले. तुझ्यावर, बरं का. ज्याला तू पावसाळा शिकवायला निघाला होतास तो माणूस.

सकाळी मी ओवाळायचं ताट केलं. राखी आणलेली होतीच. मनात म्हटलं, कंपनीचा म्हणून आला तरी आधी पाटावर बसेल, मग काय ते होईल. तू टेम्पोतून उतरलास आणि सरळ काशीबाईच्या दारात गेलास. मिक्सर घेतलास. मग सोमीचा टीव्ही. ती म्हणत होती, "अरं, मी नवं कार्ड घेतलंय, सायबानं सांगितलं दंड थांबला." तू म्हणालास, नव्या कार्डाचेही दोन हप्ते चुकलेत. मग ती म्हणाली, "तुला कडेवर घेऊन फिरलेय रं मी." तू कागदावर खूण केलीस. मी दारातून बघत होते. तुझी मान वर येते का ते बघत होते. नाही आली.

भावोजी तेवढ्यात किनाऱ्यावर निघून गेले.

मग तू माझ्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "बाय, जाळं." दोन शब्द.  तुझा शर्ट मानेशी सैल झालाय, किती वाळलास तू. मला एकदम भाकरी वाढावीशी वाटली, मग माझाच राग आला.

टेम्पोवाला खाली उतरला नाही. "मेरा काम गाडी चलाना है," म्हणाला. मग तू एकटाच जाळ्याला भिडलास. दिना, पँट-शर्टात बसून एवढंसुद्धा विसरलास? जाळं एकट्यानं उचलत नाहीत. बापाचं जाळं आपण दोघं काठीवर न्यायचो, तू पुढं, मी मागं, आणि तू बुटका म्हणून सगळा भार तुझ्याकडं घसरायचा आणि तू शिव्या द्यायचास. तू ते ओढायला लागलास. दगडांवरून, माडाच्या बुंध्यावरून. एक बोया तुटला. दोर पायात अडकून तू गुडघ्यावर पडलास. मला ते बघवेना. तुझं पडणं की जाळ्याचं फाटणं, आता विचारलंस तर सांगता येणार नाही. मी ओरडले, "थांब रं, फाटंल ते!" आणि काठी आणली. तू पुढं झालास, मी मागं. आपण दोघांनी ते टेम्पोत चढवलं.

अख्खं गाव बघत होतं.

आता गावात म्हणतात की जमनानं आपल्या हातानं भावाला जाळं दिलं, दोघं आधीपासून एकच. त्यांना मी काय सांगू? मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि जास्त मोठ्यानं म्हटलं असतं. बोईसरच्या बाजारात सोमी माझ्या शेजारी पाटी मांडायची, वीस वर्षं. काल ती चार जणी सोडून पलीकडं बसली.

राखी राहिली. तुझे हात काठीला होते, माझेही होते. मग तू पुढं बसलास आणि दार लावून घेतलंस.

पावती मास्तरांनी वाचून दाखवली. जाळं "वापरलेला माल" म्हणून धरलंय. पाण्याचा थेंब न लागलेलं जाळं! त्याची किंमत वजा करून अर्ध्याहून जास्त देणं शिल्लक आहे, हप्ता शनिवारी, व्याज चालू. मी मास्तरांना पुन्हा वाचायला लावलं. तेच निघालं.

मी तुला शिव्या देणार होते. रात्रभर जमवून ठेवल्या होत्या, चांगल्या ठसठशीत. आता लिहायला बसले तर एकही येत नाही. तू तरी काय करणार होतास? तू नाही म्हटलं असतंस तर तुझीही नोकरी गेली असती, जाळं दुसऱ्या कोणी नेलं असतं, आणि त्यानं ते फाडूनच नेलं असतं. मी हे तुझ्या बाजूनं म्हणत नाही. मला कोणाच्याच बाजूनं काही म्हणता येत नाही, एवढंच.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, परवा, होड्या गेल्या. भावोजींनी आमचीही काढली. मी विचारलं, "काय घेऊन जाताय? काय आनायला जाताय?" तर म्हणाले, "पहिल्या दिशी होडी पान्यात नाय गेली तर वरीसभर तिला बरकत नाय." एकटेच गेले. दुसरा खलाशी कशाला येईल.

दुपारी सगळ्यांच्या आधी आमची होडी परत आली. तुला माहीतच आहे, हंगामातली पहिली परतलेली होडी म्हटलं की काय होतं. बाया पाट्या घेऊन धावल्या. काशीबाईसुद्धा, सुनेचा हात धरून. रुसवेफुगवे सगळे विसरल्या, मला ढकलून पुढं गेल्या, सोमी सगळ्यांच्या पुढं कमरेएवढ्या पाण्यात. तिनं होडीच्या काठाला धरून आत बघितलं. मग रिकामी पाटी डोक्यावर पालथी घालून परत फिरली. माझ्याजवळून गेली. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, दिना.

भावोजी होडीतच बसून होते. पाणी ओसरलं तरी उतरेनात. मी चिखलातून गेले, म्हटलं, चला. आठवड्यानं सातपाटीला कोणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचं ठरलंय, त्याचं बोलू लागले, मग मध्येच थांबले. म्हणाले, "दिनाला पत्र लिवशील ना? त्याला लिव. जाळं गोडावनात जमिनीवर टाकू नका म्हनावं, उंदीर कातरतात. उंच टांगून ठेवा."

तेवढं तुझ्या हातात असेल तर कर.

बाय